राज्यशास्त्र घ्या, पण ग्रामसभेत बसा

यंदा बी.ए.ला राज्यशास्त्र घेणार असाल, तर ‘सोपा विषय आहे’ म्हणून घेऊ नका. केळझर, सेलू, पवनार या पट्ट्यातली कितीतरी मुलंमुली बारावीनंतर वर्ध्याला नाहीतर नागपूरला जाऊन हा विषय घेतात. का घेतला म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: गणित नाही, प्रॅक्टिकल नाही, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड वाचलं की पास होता येतं, शिवाय स्पर्धा परीक्षेलाही कामी पडतं. यातलं गणिताचं तेवढं खरं. प्रॅक्टिकल मात्र आहे. ते ग्रामपंचायतीच्या इमारतीत होतं, त्याची फी नाही, आणि विषय घेतलेली मुलं तिकडे फिरकत नाहीत.

हा विषय पुस्तकात सुरू होतो कुठून? राज्य कशाला लागतं, या प्रश्नापासून. पहिल्याच सत्रात हॉब्ज, लॉक, रूसो ही नावं येतात, सामाजिक करार येतो, आणि मुलं ती पानं घोकायला लागतात. केळझरच्या मुलाला तरी हे घोकायची गरज पडू नये. आपलं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. देशात आणखी काही गावं हाच मान सांगतात, तो वाद बाजूला ठेवू. बकासुराची गोष्ट मात्र पुन्हा एकदा नीट आठवून पाहा. भीमाने राक्षस मारला, एवढंच आपण मुलांना सांगतो. आदिपर्वात पांडवांचा यजमान ब्राह्मण कुंतीला जे सांगतो ते फार वेगळं आहे. या देशाला परचक्रापासून राखतो तो बकच, असं तो म्हणतो. त्याचा मोबदला ठरलेला: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. पाळीपाळीने प्रत्येक घराने द्यायचा. पाळी चुकवू पाहणाऱ्याचं अख्खं कुटुंब जातं. आणि खरा राजा? तो वेत्रकीयगृह नावाच्या जागी बसलेला आहे. दुबळा आहे, रयतेसाठी काही करत नाही. म्हणूनच तो ब्राह्मण स्वतःला दोष देतो: माणसाने आधी चांगला राजा पाहावा, मग संसार मांडावा.

आता सांगा, हा करार आहे की खंडणी? संरक्षण मिळतं म्हणून लोक कर देतात, की भीतीपोटी देतात? कर घेणारा आणि लुटणारा यांच्यात फरक नेमका कुठे पडतो? इंग्लंडातल्या यादवी युद्धाच्या काळात हॉब्जला हेच कोडं पडलं होतं. १६५१ चं त्याचं पुस्तक त्यातूनच आलं. मॅन्सर ओल्सन नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये याच प्रश्नावर एक गाजलेला लेख लिहिला. फिरत्या दरोडेखोरापेक्षा एका जागी ठाण मांडून बसलेला दरोडेखोर लोकांना परवडतो, कारण त्याला उद्याही लुटायचं असतं आणि म्हणून तो बाकीच्या चोरांना हाकलून लावतो, असा त्याचा युक्तिवाद. बक नेमका तोच. आणि हो, भीमाने बकाला मारल्यावर एकचक्रेचं संरक्षण कोणी केलं, हा प्रश्न आपल्या कीर्तनात कोणी विचारत नाही. वर्गात तुम्ही विचारा. मास्तर खूश होतील, किंवा चिडतील. दोन्हीत तुमचा फायदा आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. इकडची एसटी धरली तर सेवाग्राम, तिकडची धरली तर दीक्षाभूमी. भारतात गावाला राजकारणात काय जागा असावी, यावर विसाव्या शतकात जो सर्वांत मोठा वाद झाला, त्याची दोन टोकं या एका रस्त्याला आहेत आणि आपण मध्ये बसलो आहोत. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला येऊन राहिले; त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र भारतासाठी गांधीविचारांची एक राज्यघटनाच लिहून काढली आणि तिला गांधीजींची प्रस्तावना घेतली. तळाला गावाची पंचायत, तिच्यातून तालुक्याची, तिच्यातून जिल्ह्याची, आणि असं चढत थेट दिल्लीपर्यंत. वर्ध्यात बसून कुणी देशाची घटना लिहिली होती, हे वर्ध्यातल्याच किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

दुसरं टोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. मुंबईत त्यांनी बी.ए. केलं तेही अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊनच. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना त्यांनी गावगाड्याची थोरवी साफ नाकारली. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता गावातच मुरते, असं त्यांनी बजावलं आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं याबद्दल समाधान व्यक्त केलं. सभेत बऱ्याच जणांना ते झोंबलं. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. आजचं कलम ४० ते. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत गेलं, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं. पंचायतीला घटनेचं खरं बळ यायला २४ एप्रिल १९९३ उजाडावं लागलं. त्या दिवशी ७३ वी दुरुस्ती अमलात आली. तिने पंचायती दिल्या, आणि त्यांच्या आत अनुसूचित जाती-जमातींना व बायकांना राखीव जागाही दिल्या. महाराष्ट्राने २०११ पासून बायकांचा वाटा निम्म्यावर नेला.

गुणपत्रिकेपुरतं उत्तर इथे संपतं. माझ्या मते विषय इथून पुढे सुरू होतो. सेवाग्रामचं म्हणणं बरोबर होतं की बाबासाहेबांचं? ७३ व्या दुरुस्तीने वाद मिटवला नाही, तो तुमच्या ग्रामपंचायतीत आणून ठेवला. राखीव जागेवर निवडून आलेली सरपंच बाई खुर्चीवर बसते, की तिचा नवरा बसतो? घरकुलाच्या यादीत कोणत्या मोहल्ल्याची नावं आधी येतात? पाणी सगळ्या वस्त्यांना सारखं जातं का? याची उत्तरं दिल्लीतल्या कुठल्याही ग्रंथालयात नाहीत. ती तुम्हाला ठाऊक आहेत, किंवा चार दिवसांत काढता येतात.

म्हणून ग्रामसभेचं सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. त्यातलं कलम ७ वाचा. मराठीत आहे, अवघड नाही. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य आहे. निवडून यावं लागत नाही, कोणी नेमावं लागत नाही. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रिवाजाचे दिवस. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी तो. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट लागत नाही. हे शेवटचं वाक्य परत वाचा. पहिल्या सभेला लोक न येणं कुणाच्या सोयीचं आहे, हे एकदा लक्षात आलं, की सत्ता म्हणजे काय यावर वेगळं टिपण काढावं लागणार नाही.

पहिल्यांदा गेलात तर बोलू नका. मागे बसा आणि कोण बोलतं, कोण उभं राहतं, बाया कुठे बसतात, कुणाच्या बोलण्यावर लोक हसतात, ठराव वाचून दाखवतात की नुसत्या सह्या घेतात, हे पाहा. घरी येऊन वहीत लिहा. पुढच्या वेळी मागच्या सभेचं इतिवृत्त मागा. सरळ सांगा, “दादा, मी राज्यशास्त्र शिकते, इतिवृत्त पाहायचं होतं.” मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. या कायद्यात महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. आपला कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. पण सुरुवात अर्जाने करू नका. गावात अर्ज म्हणजे भांडण समजतात, आणि आपल्याला भांडायचं नाही, शिकायचं आहे. आधी दोनदा गोड बोलून पाहा.

पैशाचंही पाहा. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांना आला, त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा वाटला गेला. त्यातही मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, बाकीचा गावाने ठरवायचा. तुमच्या गावाने कशावर खर्च दाखवला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवरही दिसतं. दाखवलेली नाली खरंच आहे का, हे मात्र पोर्टल सांगत नाही. त्याला पायी जावं लागतं.

हे सगळं कुणी केलंय का, असं विचाराल. केलंय, आणि फार दूर नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असलं तरी आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं गोंड आदिवासींचं ते गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्याच्याशी जोडलेली. लोकांना तिथलं जंगल आठवतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्र्यांच्या समोर बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, हेही पेपरात छापून आलं. मला त्या गावाची वेगळी गोष्ट मोलाची वाटते. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालत. निर्णय घेण्याची घाई नाही. लोक बसून कायदा वाचणार, बाहेरचा जाणकार बोलावून त्याला प्रश्न विचारणार, शंका फिटेपर्यंत चर्चा करणार. ठरवायचं ते ग्रामसभेने, आणि तेही सर्वांच्या संमतीने. अभ्यासगटाला मताचा जास्तीचा अधिकार नाही. ज्या माणसांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनी राज्यशास्त्राचं सर्वांत अवघड प्रकरण असं सोडवलं. केळझर मेंढा-लेखा नाही, हे मान्य. आपल्याकडे जंगलाचा प्रश्न तसा नाही, वस्ती एका समाजाची नाही, पक्ष जास्त आहेत. सर्वसंमती इथे बहुधा जमणार नाही. पण चार-सहा विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा देवळाच्या सभामंडपात नाहीतर बुद्धविहारात बसून एक कायदा वाचायला कोणाची परवानगी लागते?

वाचायला विषय कमी नाहीत. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक बसले. कलम २४३ ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मग इतकी वर्षं निवडणुकीविना कशी गेली? ओबीसी आरक्षणाचा ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, त्यानंतरचे आयोग, प्रभागरचनेचे वाद, आणि शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून दिलेला आदेश, हे सगळं एकापुढे एक मांडलंत तर ते एम.ए.च्या प्रबंधाएवढं काम आहे. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला शक्तिपीठ महामार्ग घ्या. आपल्या बाजूला त्याची एका टोकाची चर्चा होते, कोल्हापूरकडे अगदी दुसऱ्या टोकाची. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा सामाजिक परिणामांचा अभ्यास मागतो. रस्त्यासाठी १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याची वाट धरली तर शेतकऱ्याच्या हाती काय उरतं? बाजू नंतर घ्या, आधी दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा.

आणि वेगळा विदर्भ. चहाच्या टपरीवर यावर मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. पण १९५३ चा नागपूर करार वाचलेला माणूस सापडतो का? राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा, आणि विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, हे ठाऊक असलं तर टपरीवरचं बोलणं बदलतं. विदर्भवादी असा नाहीतर संयुक्त महाराष्ट्रवादी, राज्यशास्त्र शिकलेल्या माणसाने निदान आपल्या मताचा कच्चा दुवा कुठे आहे, हे ओळखलं पाहिजे.

आता आईवडिलांशी थोडं. नोकरीचं विचारता, आणि विचारायलाच हवं. बी.ए. राज्यशास्त्र हातात पडलं म्हणून नोकरी मिळत नाही. कोणी तसं सांगत असेल तर तो प्रवेश भरून घेणारा असेल. या विषयाचे पुढचे रस्ते म्हणजे वकिली, बी.एड. करून शिक्षकी, पत्रकारिता, ग्रामविकासातल्या संस्थांचं काम आणि स्पर्धा परीक्षा. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए., मग नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवणारी माणसं वर्धा-नागपुरात कमी नाहीत. मुलाने हे डोळे उघडे ठेवून स्वीकारलं तर ठीक. एम.ए.ला गेल्यावर धक्का बसू नये.

स्पर्धा परीक्षेचा मोह सर्वांत मोठा. जालन्याच्या शेलगावचा अन्सार शेख फर्ग्युसनमधून राज्यशास्त्रात बी.ए. झाला आणि एकविसाव्या वर्षी युपीएससी पास झाला, ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण तिच्या शेजारी हा आकडाही ठेवा: २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. शेत गहाण टाकून मुलाला पुण्याच्या पेठेत खोली घेऊन देण्याआधी त्याला दोन वर्षं गावातून तयारी करू द्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आता चार पर्यायांतून एकावर गोल करून भागत नाही, लिहावं लागतं. ज्याने ग्रामसभेचं इतिवृत्त वाचलंय, जिल्हा परिषदेचा घोळ स्वतः उलगडलाय, त्याच्याकडे लिहायला काहीतरी असतं. गाईडवाल्याकडे फक्त गाईड असतं, आणि तेच गाईड तपासणाऱ्याने शंभर पेपरांत वाचलेलं असतं.

मुलींचं वेगळं सांगतो. पोरगी ग्रामसभेत जाऊन बसली तर लोक काय म्हणतील, ही शंका मी घराघरांत ऐकलीय. लोक म्हणतील, पहिल्या वेळी. पण कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा ठेवलेली आहे. तिच्यापासून सुरुवात करू द्या. आई सोबत गेली तर आणखी बरं. पंचायतीतल्या अर्ध्या जागा बायकांच्या आहेत. उद्या जी बाई त्यांतल्या एकीवर उभी राहील, तिला ठराव लिहिता येणं आणि नवऱ्याला कागद मागावा लागणं, यातला फरक तुमची मुलगी आज शिकू शकते.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. मराठीतून शिकताय म्हणून खंत नको. नागपूर विद्यापीठात शिकवलेले भा. ल. भोळे मराठीत लिहीत. भारताचं शासन आणि राजकारण यावरचं त्यांचं पुस्तक अजूनही गाईडांपेक्षा कितीतरी सरस आहे. सुहास पळशीकर, राजेंद्र व्होरा, य. दि. फडके यांनी महाराष्ट्राच्या राजकारणावर मराठीतच किती लिहून ठेवलंय. पवनारच्या विनोबांचं ‘स्वराज्यशास्त्र’ लहानसं आहे, एका रविवारी होईल, आणि पटलं नाही तर उत्तम. संविधानाची मराठी प्रत घरात असू द्या. प्रास्ताविकापुरती नको, मागच्या अनुसूचीही वाचा. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांतले तुमच्या ग्रामपंचायतीकडे खरोखर किती आले, हे शोधलंत तर एका सत्राचा प्रकल्प तिथेच झाला. इंग्रजी मात्र टाळू नका. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर फुकट आहेत. रोज एक पान, शब्दकोश बाजूला ठेवून. भाषा तेवढ्याने येते.

शेवटी कामाचं. ग्रामसभेत बसायचं तर मतदारयादीत नाव हवं. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. म्हणजे बारावी झालेल्या बहुतेकांना वर्षभर थांबायची गरज नाही. कॉलेजचा प्रवेश अर्ज भराल त्याच आठवड्यात नमुना ६ भरा. मोबाइलवर होतो, नाहीतर गावात मतदारयादीचं काम पाहणाऱ्या बीएलओकडे द्या. यादीत नाव यायच्या आधी १५ ऑगस्ट आला तरी सभा पाहायला जा. त्या दिवशी झेंडावंदन झालं, मिठाई वाटली की लगेच घरी जाऊ नका. सभा बहुधा त्यानंतरच सुरू होते.